आपल्या बावीचं पाणी

१० फेब्रुवारी १९५७, रविवार

ही डायरी मिठाच्या पेढीवरून यांना नव्या वर्षाची भेट म्हणून मिळाली. यांना अक्षरओळख नाही. मोरूला आहे, पण लॉरीवर क्लीनर झाल्यापासून माझा लेक आरशाशिवाय कशात डोकं घालत नाही. मी पेणला मामाकडे राहून मराठी चौथी झाले आहे, तेव्हा डायरी माझी. महिनाभर तिच्यावर वाल निवडायचं सूप ठेवत होते. आज उघडली, कारण मनात एक गोष्ट आहे आणि ती घरात कोणापाशी बोलायची सोय नाही.

शिमगा झाला की हे बैल आणि गाडी विकणार. मिठागरवाल्या शेठने लॉरी घेतली, तेव्हापासून आमची गाडी अंगणात नुसती उभी असते. मिठाची पोती आगरातून बंदरावर नेण्यात यांची सगळी उमर गेली. आता तीच पोती लॉरीतून जातात आणि आमचाच मोरू त्यांच्यावर बसून शीळ घालतो. हे पोयनाडच्या बाजारात गिऱ्हाईक ठरवून आले आणि तंबाखू मळत बसले.

बैलांचं वाईट वाटतंच. पण मला घोर लागला तो वेगळ्याच कारणाने. गाडी गेली तर काशीदला कधी जायचं?

काशीदला केसर आहे. माझी थोरली. चार वर्षांपूर्वी ती सदू कोळ्याबरोबर निघून गेली. सुकी मासळी घेऊन त्याचा मचवा आमच्या बंदरात लागायचा, तिथे ओळख झाली. तिकडे देवळात लग्न लागलं म्हणतात. यांनी त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं नाही. कोणी विचारलं की मुलं किती, तर सांगतात, एक मोरू. ते ऐकताना दर वेळी मी चुलीकडे तोंड फिरवते. मासळीवाल्या बायका येतात त्या हळूच सांगून जातात. बरी आहे, घर वाडीच्या अगदी टोकाला आहे, मूलबाळ अजून नाही.

मला तिला एकदा बघायचं आहे. बस, एवढंच. त्यासाठी काय सोंग करावं लागेल ते मी करणार आहे.

१३ फेब्रुवारी

सोंग ठरलं. देवीला जायचं.

सासूबाईंचे गुडघे धरलेत. मी आज त्यांना तेल लावता लावता चौलच्या शीतळादेवीची गोष्ट काढली, आणि तेल जिरायच्या आत त्यांनी नवस बोललेला निघाला. सासूबाई ठमाबाई म्हणजे कशी बाई, तर एकदा म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी मागे हटायची नाही. संध्याकाळी त्यांनीच यांना सांगितलं, गाडी विकायच्या आधी मला देवी दाखव. मी भाकरी थापत होते, मान वर केली नाही.

सून जनी म्हणाली, एसटीने जाऊ. तिचं लग्न होऊन वर्ष नाही झालं, तिला एसटीत खिडकीशी बसायचं आहे. मी म्हटलं, बाई, एसटीत तिकीट आपण काढायचं आणि वारा खिडकीतल्याने खायचा. घरची गाडी आहे, घरचा पेंढा आहे. तांदूळ घरचे, सुके बोंबील घरचे, निजायला देवळाचा ओटा. घरात बसून जेवढं खाऊ तेवढंच वाटेत खाऊ. तर हे खुंटीवरचं मुंडासं काढता काढता हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

२० फेब्रुवारी

आजचं काम अवघड होतं. चौल रेवदंड्याच्या अलीकडे, आणि काशीद रेवदंड्याची खाडी ओलांडून पलीकडे. यांना खाडीपार कसं न्यायचं?

मी तीन कारणं तयार ठेवली होती. एक, मुरूडचा समुद्र जनीने पाहिलेला नाही. दोन, तिकडे नारळ स्वस्त. तिसरं सासूबाईंचं, त्यांची कोणी लांबची मावस बहीण मुरूडला होती म्हणे, असली जिवंत तर असेल. पहिलं कारण अर्धं सांगून होतंय तोच हे म्हणाले, "जाव की."

उरलेली दोन कारणं माझ्या तोंडातच राहिली. खरं तर आनंद व्हायचा, पण मला रागच आला. मी आठवडाभर झोप घालवून तयारी करते आणि हा माणूस दोन शब्दांत मोकळा होतो. मग लक्षात आलं, मुरूडच्या वाटेवर काशीद लागतं हे यांना ठाऊक नसावं. पुरुषांना रस्ते कळतात, गावं कळत नाहीत.

पुढचा बेत असा. वाडीचं टोक आलं की मला चक्कर येणार. मी म्हणणार, घशाला कोरड पडली, पाणी पाहिजे. जनी माझा हात धरून शेवटच्या घरात नेणार. जनीला मी सगळं सांगितलं आहे. पोर बोलभांड आहे, पण ही गोष्ट ऐकून तिचे डोळे भरले. तिने केसरला कधी पाहिलेलंही नाही.

२ मार्च

यांनी गाडीची चाकं काढून वंगण घातलं. बसायचा साटा नवीन सुंभाने आवळला. विकायच्या गाडीवर एवढी मेहनत कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, गिऱ्हाईक बघतं. बैलांची शिंगंही रंगवली. गिऱ्हाईक तर बघून गेलं आहे. पण माणसाचा जीव असतो, आपण जास्त विचारू नये.

पोयनाडच्या बाजारातून एक हिरवं लुगडं घेऊन आले. मी म्हटलं, हे कोणाला? म्हणाले, देवीला. सासूबाईंनी हात फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, देवीची चंगळ आहे. इथे मी एकेक बोंबील मोजून बांधते आहे, आणि यांचा हात देवीपुढे एवढा सैल!

११ मार्च

आज भांडण झालं. कळशीवरून.

हे म्हणाले, निघताना आपल्या बावीच्या पाण्याची मोठी कळशी भरून घ्यायची. इकडे आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. आमच्या गावात चारी बाजूंनी खारं, खाडी आणि मिठागरं. गोडं पाणी लागतं ते एकाच विहिरीला, आणि ती यांनी आणि यांच्या वडिलांनी मिळून खणली. केसर पोटात होती तेव्हाची गोष्ट. तिच्या बारशाला पहिल्यांदा त्या विहिरीचं पाणी चुलीवर चढलं. त्या पाण्याचं आम्हा सगळ्यांनाच कौतुक आहे, पण म्हणून ते गाडीत घालून चौलला न्यायचं? नागाव, आक्षी, चौल, सगळीकडे वाड्या आहेत, पावला-पावलावर राहाट आहेत, कोणीही पाणी देतं. मी म्हटलं, कळशीच्या जागी एक माणूस बसेल. म्हणाले, माणूस पायी चालंल, कळशी न्यायची.

मला समजायचं ते समजलं. खाडीपलीकडे कोळीवाड्या आहेत. यांना कोणा कोळ्याच्या घरचं पाणी नको आहे. चार वर्षं झाली तरी मनातली अढी तशीच. आणि माझा बेत तर पाणी मागण्यावरच उभा आहे. गाडीत काठोकाठ कळशी असताना मी कोणत्या तोंडाने पाणी मागायला उतरू?

रात्री माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

१७ मार्च

होळी झाली, धुळवड झाली. मंगळवारी निघायचं. मी कुरमुऱ्याचे लाडू केले, वाटेत खायला म्हणून. कुरमुऱ्याचे लाडू केसरला आवडतात. हे एक लाडू हातात घेऊन बराच वेळ बघत होते, मग डब्यात परत ठेवला. आवडत नाहीत तर हात कशाला लावायचा?

१९ मार्च, अलिबाग

उजाडता निघालो. मोरू आला नाही, शेठ सुट्टी देत नाही. बैलांच्या गळ्यात हात घालून उभा राहिला तेव्हा लॉरीचा रुबाब कुठे गेला कोण जाणे.

कार्लेखिंडीच्या चढाला आम्ही सगळी उतरून चाललो, सासूबाई सोडून. कळशीही उतरली नाही. तिच्या तोंडाला यांनी धुतलेलं फडकं बांधलंय आणि पेंढ्यात असं बसवलंय की लेकुरवाळीलाही कोणी असं बसवत नाही. खिंडीवर जनीला तहान लागली. ती फडकं सोडायला गेली तर यांनी तिला थांबवलं आणि खाली झऱ्यावर जाऊन पाणी आणून दिलं. मी विचारलं, मग ही न्यायची कशाला? म्हणाले, "लागंल."

तिसऱ्या प्रहरी अलिबागला पोचलो. आम्ही खाडीची माणसं. आमचं पाणी भरतीला येतं आणि ओहोटीला चिखल ठेवून जातं, पलीकडचा काठ कायम दिसतो. इथे पलीकडचा काठच नाही. जनी कासरा धरल्यासारखी माझा पदर धरून उभी होती. सासूबाई म्हणाल्या, एवढं पाणी आणि एक घोट पिता येत नाही. मी दक्षिणेकडे बघत होते. असंच वाळूवाळूने चालत गेलं तर कुठेतरी माझी केसर याच पाण्यापाशी उभी असेल, असं मनात आलं.

२० मार्च, चौल

दिवसभर वाड्यांमधला रस्ता. दोन्ही बाजूंना पोफळी, सावली अशी की बैलांनासुद्धा बरं वाटलं. एका वाडीत राहाटाशी थांबून भात शिजवला. वाडीवाल्या बाईने पाणी दिलं, वर पिकलेली केळी दिली, काही घेतलं नाही. एवढ्या स्वस्तात एवढं सुख कोणाला मिळतं? जनी आता एसटीचं नाव काढत नाही.

देवीचं दर्शन झालं. सासूबाईंनी डोकं टेकलं ते उठवेना, गुडघे आखडले. यांनी नारळ आणि खण वाहिला. लुगडं गाठोड्यातच राहिलं. मी खुणावलं, तर माझ्याकडे न बघता बाहेर पडले. देवीला बोललेलं लुगडं पुन्हा घरी न्यायचं म्हणजे काय? मी मनातल्या मनात देवीची माफी मागितली आणि माझंही एक मागणं घातलं. ते लिहीत नाही, देवीला माहीत आहे.

२१ मार्च, बोर्ली

रेवदंड्याला गाडी ओळखीच्या माणसाच्या खळ्यात सोडली, बैल त्याच्या गोठ्यात. तरीच्या होडीतून खाडी ओलांडायची, तर गाडी कशी नेणार? मला वाटलं, सुटले, कळशीही इथेच राहील. कुठलं काय. या माणसाने ती खांद्यावर घेतली. तरीत सगळे बसले, हे कळशी मांडीवर घेऊन बसले. तरवाला म्हणाला, बाबा, तूप हाय काय? यांनी फडक्याची गाठ आवळली.

पलीकडे नारळ पोचवून मुरूडला परत जाणारी रिकामी गाडी मिळाली. गाडीवान गाडीवानाला नाही म्हणत नाही. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, मधून रस्ता. जनी एकसारखी बोट दाखवत होती, ते बघा गलबत, तो बघा किल्ला. मला काही दिसत नव्हतं. मी एकच विचार करत होते, उद्या.

आज बोर्लीच्या देवळात मुक्काम. उद्या सकाळी काशीद. चक्कर यायचं सोंग करायची गरज पडणार नाही बहुतेक. आत्ताच अक्षर बघा कसं वेडंवाकडं आलंय.

२२ मार्च, काशीद

सगळं नीट लिहिते. पुढेमागे मला पुन्हा वाचायचं आहे.

काशीदची वाडी दिसायला लागली आणि मी जनीला कोपर मारलं. मी कपाळाला हात लावणार, तोच यांनी गाडीवानाला सांगितलं, थांबव. कळशी खांद्यावर घेतली, गाठोडं बगलेत मारलं आणि वाळूतून चालायला लागले. कोणाला काही विचारलं नाही. उजवीकडची घरं सोडली, उंडिणीच्या झाडाला वळसा घातला, आणि शेवटच्या घराच्या अंगणाशी जाऊन उभे राहिले. यांना घर कसं ठाऊक? मी विचारत राहिले आणि मागून धावत राहिले.

केसर मांडवावर मासळी वाळत टाकत होती. पोर वाळली आहे. हात काळे झालेत. तिने वर पाहिलं, बापाला पाहिलं, आणि हातातली टोपली तशीच धरून उभी राहिली. मग मला पाहिलं. मी तिला कधी मिठी मारली ते मला आठवत नाही. तिच्या केसांना मासळीचा वास होता आणि मला तो सोडवत नव्हता.

सदू बाहेर आला, यांच्या पाया पडला. यांनी पाय मागे घेतले नाहीत. केसर आत गेली आणि गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. पाणी मचूळ होतं. समुद्राच्या एवढ्या जवळची विहीर, मचूळच असणार. पण मला चार वर्षांची तहान होती.

तिने तांब्या पुन्हा भरून आणला. सासूबाईंनी मान हलवली, नको म्हणाल्या. मला वाटलं, रुसल्यात. मग ती यांच्यापुढे आली. यांनी तांब्यावर आडवा हात धरला.

केसरचं तोंड उतरलं. सदू खाली बघायला लागला. माझं डोकंच फिरलं. आजवर मी यांना चारचौघांत उलटून बोलले नाही, पण आज बोलले. एवढ्या लांब आलात ते पोरीचा अपमान करायला आलात काय, चार वर्षं मला मारलंत ते पुरलं नाही काय, असं काहीबाही बोलले. हे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. केसरकडे बघत होते.

म्हणाले, "लेकीच्या सासरचा पानी बापाला चालत न्हाय. पोर-बाल झाला का येन. तवा दे तांब्या."

मी तिथेच खाली बसले. आमच्यात लेक दिली की तिला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या आईने माझ्या घरी मोरूच्या नाही, केसरच्या जन्मानंतर पहिला घोट घेतला होता. पण दिलेल्या लेकीसाठी ही चाल असते. पळून गेलेल्या मुलीच्या दारात माणूस पाणी पितो किंवा पीत नाही, त्याला कोण विचारतं? यांनी तांब्यावर हात ठेवला आणि तिला दिली. मांडव नाही, अक्षता नाहीत, भटजी नाही. तिथल्या तिथे दिली. सासूबाईंनाही ते कळलं होतं. कळलं नाही ते फक्त मला. चार वर्षं मी तिच्यासाठी रडले, पण हे घर माझ्या लेकीचं सासर आहे असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. येऊन घटाघटा पाणी प्याले.

मी रिकाम्या तांब्याकडे बघत होते. यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "तुज्या आयेला चालताय. ती पाव्हनी हाय."

केसर रडता रडता हसली. मग तिची नजर कळशीवर गेली. "बाबा, आपल्या बावीचा पानी हाय काय?"

यांनी फडकं सोडलं. ती वाळूत बसली आणि ओंजळ पुढे केली. हे ओतत होते, ती पीत होती, पाणी कोपरावरून गळत होतं. लहानपणी विहिरीवर ती अशीच प्यायची. पुन्हा पुन्हा ओंजळ पुढे करायची. मग कळशी उचलून तिने आत सासूकडे नेली. सासूने अंथरूण धरलं आहे. पलीकडून तिचा आवाज ऐकू आला, गोडा हाय गो, गोडा हाय.

हिरवं लुगडं यांनी सदूच्या हातात दिलं. बापाने जावयाच्या हातात द्यायचं असतं तसं.

आम्ही दिवसभर अंगणात बसलो. शिधा आमचा, चूल तिच्या अंगणाबाहेर तीन दगडांची. लाडू मात्र तिने सगळे खाल्ले. हे म्हणाले, मोरूला मुराळी धाडतो, चार दिवस माहेराला ये. ती म्हणाली, सासू अशी पडलेली, मी कशी येऊ? पाऊस सरल्यावर बघते. सदूही म्हणाला, पाठवतो. पण तिचे डोळे बघून मला कळलं, लवकर यायची नाही. मी नाही आग्रह केला. आता ती दिलेली लेक आहे, तिच्या घरचं तिला कळतं.

मुरूड पाहायचं राहिलं. कोणालाच आठवण झाली नाही.

२५ मार्च, घरी

येताना कळशी रिकामी होती. तरीही हे ती मांडीवरच घेऊन बसले होते. रेवदंड्याच्या वाळूत मी मागे वळून पाहिलं. दुपारच्या उन्हात पलीकडचा काठ नुसता धुरकट. परत कधी, असं विचारायचं होतं, पण कोणाला विचारणार?

३० मार्च

उद्या बैल जाणार. परवापासून आणे जाऊन नवे पैसे येणार म्हणतात, तर गिऱ्हाईकाला घाई आहे. यांनी आज बैलांना विहिरीवर नेऊन धुतलं. मी पाणी शेंदून देत होते. शेजारचा कोंडाजी येऊन बसला होता, तो जायची वाट हे बघत होते, हे माझ्या लक्षात आलं.

तो गेल्यावर म्हणाले, "कसा होता गो, तिच्याकरचा पानी?"

मी घागर खाली ठेवली. त्या मचूळ पाण्याची चव माझ्या जिभेवर अजून आहे. ती माझ्याकडे आहे आणि यांच्याकडे नाही, आणि केसरला मूल होईपर्यंत यांना ती मिळायची नाही.

मी म्हटलं, "गोडा हाय. आपल्या बावीसारखाच."

"मंग बरा हाय," असं म्हणाले, आणि बैलांना पेंढा घालायला गेले.